आचाऱ्याचं नाक

बाबा, आज मी वर्गात पुन्हा आपल्या घरचाच प्रयोग केला. अकरावीच्या पोरांना ज्ञानेंद्रियांचा धडा शिकवायचा असला की मी घरून डबीत गुळाचे खडे घेऊन जाते. सगळ्यांनी डोळे मिटायचे, एका हाताने नाक घट्ट दाबायचं आणि दुसऱ्या हातावर मी ठेवीन ते तोंडात टाकायचं. "काय आहे?" म्हणून विचारलं की सगळा वर्ग म्हणतो, "गोड." "गोड काय?" मग गोंधळ. कुणी साखर म्हणतं, कुणी लिमलेटची गोळी. मग मी म्हणते, "आता सोडा नाक." त्या वेळी पोरांच्या तोंडावर जे उमटतं ना, ते बघायला मी या धड्याची वर्षभर वाट बघते. आज खिडकीजवळ बसणारी एक मुलगी तर ओरडलीच, "मॅडम, गूळ आला!" जसा काही तो अकोला-दर्यापूर बसमधून उतरून आत आला. आपल्या स्वयंपाकघरात आईसुद्धा नेमकी अशीच ओरडली होती. कॉलेजमधून घरी आले, चहा झाला, तरी माझं हसू जाईना, म्हणून लिहायला बसले.

दर्यापुरात तुम्हाला सगळे आचारी म्हणूनच ओळखत. लग्न, तेरवी, गावजेवण, काहीही असो, आधी तुमच्याकडे माणूस यायचा आणि मग मांडववाल्याकडे जायचा. पण तुमच्या हातापेक्षा तुमच्या नाकाची ख्याती मोठी होती. बाजारात धन्याचं पोतं उघडलं की तुम्ही मूठभर धने तळहातावर चोळायचे, एकदाच हुंगायचे आणि दुकानदाराला म्हणायचे, "हे मागच्या सालचे हाय, भाऊ. नवे काढ." तो मुकाट्याने दुसरं पोतं काढायचा. घरी आलात की चपला काढता काढता अंगणातूनच सुरू व्हायचं, "आज वरणात हिंग जास्त झाला वं." आई आतून म्हणायची, "आंधी घरात तं या, मंग नावं ठेवा." मला तेव्हा वाटायचं, सगळ्यांचेच बाबा असे फाटकातून जेवण ओळखत असतील.

आणि ते नाक गेलं कशाने, तर कढीने. मी तेव्हा अमरावतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. एका लग्नात कुणीतरी कढीची बादली हिंदकळवली आणि तुम्ही सांडलेल्या कढीवरून पाय घसरून मागच्या मागे पडलात. डोकं फरशीवर आपटलं. तुम्ही उठलात, डोकं चोळलंत, म्हणालात, "कढी लय पातळ झाली म्हणून मलेच पाडलं," आणि सगळ्यांना हसवून पंगत पूर्ण वाढलीत. दवाखान्यात गेलातच नाही. आठवडाभराने घरात भांडणं सुरू झाली. तुम्ही म्हणायचे, भाजीत काही टाकलंच नाही. आई मीठ वाढवायची, तिखट वाढवायची. तुम्ही म्हणायचे, खारट झाली, तिखट झाली, पण भाजी काही झाली नाही. शेवटी आईने ताटच तुमच्यापुढून उचललं. "माह्या हाताची चव गेली म्हणता? जा मंग, तुमच्या मांडवात जेवा!"

त्या रविवारी मी घरी आलेली होते. आई शेजारी गेली आणि जाताना तुम्हाला दुधावर लक्ष ठेवायला सांगून गेली. तुम्ही गॅसकडे पाठ करून पेपर वाचत बसलात. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. जळल्याचा वास आला म्हणून धावत आत आले, तर घरभर धूर. दूध उतू जाऊन जळून पातेल्याला काळा थर बसलेला, आणि तुम्ही दोन हातांच्या अंतरावर बसून शांतपणे पेपरचं पान उलटताय. "बाबा!" मी ओरडले. तुम्ही मान वर केली. "काय झालं? काहून ओरडून राहिली?" मग धूर दिसला. तुम्ही पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. उठून गॅस बंद केला, पातेल्यावर वाकलात आणि जोराने श्वास घेतलात. पुन्हा घेतलात. मग हळूच म्हणालात, "पोरी, मले काहीच येऊन नाही राहिलं." तोवर आई दारात येऊन उभी राहिली होती. इतके दिवस ती ज्या रागात होती तो राग तिच्या तोंडावरून असा उतरला की मला रडू आलं. रडला नाहीत ते फक्त तुम्ही. "लोकायचं चारचौघात नाक कापलं जाते," म्हणालात, "माहं तं घरच्या घरीच गेलं."

पण त्यानंतर तुम्ही कामं घेणं बंद केलंत. कुणी विचारायला आलं की कंबर धरते म्हणून सांगायचे. जेवणही अर्ध्यावर आलं. आईने एसटीडी बूथवरून माझ्या होस्टेलला फोन केला, "त्याईले तिकडं डॉक्टरले दाखव वं, इथं नुसते भिंतीकडे पाहत बसते." मग तुम्ही अमरावतीला आलात, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, जसं काही माझ्या लग्नाची बोलणी करायला आलात. कान-नाक-घशाचे ते डॉक्टर वयस्कर होते आणि त्यांना घाई नव्हती. त्यांनी लवंगेच्या तेलाची बाटली नाकाखाली धरली. तुम्ही नाही म्हणून मान हलवली. मग कापसाच्या बोळ्याने जिभेवर एकेक थेंब लावत गेले. "साखर," तुम्ही म्हणालात. "मीठ. निंबू. हे कडू, औषध हाय." तुमचा आवाज प्रत्येक थेंबाला वाढत गेला. "म्हणजे माही जीभ साबूत हाय!"

"एकदम साबूत," डॉक्टर म्हणाले. "जिभेला एवढंच येतं. गोड, खारट, आंबट, कडू असं मोजकं. वांगं कुठलं आणि दोडका कुठला हे जिभेला कधीच कळत नव्हतं. आपण घास चावतो तेव्हा त्याचा वास घशामागून नाकात चढतो. तो मेंदूला पोचतो. जीभ आपलं सांगते, दात सांगतात कुरकुरीत की मऊ, कान आवाज सांगतो, डोळा रंग सांगतो, गरम-गार वेगळं, मिरचीचा जाळ वेगळा. मेंदू हे सगळं एकत्र करतो आणि तुम्हाला सांगतो, ही चव, आणि ती तुमच्या जिभेवर आहे. तुम्ही पडलात तेव्हा नाकाकडून वर जाणारे बारीक धागे तुटले. कधी जुळतात, कधी नाही. बाकीचे सगळे जागेवर आहेत." तुम्ही म्हणालात, "म्हणजे साहेब, मी नुसता हाताखालचा. खरा आचारी वर बसला हाय." डॉक्टर इतके हसले की बाहेरची नर्स आत डोकावली.

परतीची बस पकडायच्या आधी मी तुम्हाला गिला वडा खायला नेलं. तुम्ही नको म्हणत होता, कशाला वाया घालवते म्हणत होता. गाडीवाल्याने वड्यावर गार दही ओतलं, लाल तिखट घातलं, सोबत तळलेली मिरची ठेवली. पहिला घास तुम्ही औषधासारखा घेतलात. मग थांबलात. डोळे मिटून हळूहळू चावू लागलात, आणि मिरचीला दात लावल्यावर तुमच्या कपाळावर घाम फुटला, कान लाल झाले. "थांब," मला म्हणालात, मी काही बोललेही नव्हते. "गार लागून राहिलं. मऊ लागून राहिलं. अन् ही मिरची तं पुरी जाळून राहिली! हे समदं तं हाय!" तुम्ही तीन वडे खाल्ले आणि नाक-डोळे पुसत बसमध्ये चढलात. खिडकीतून ओरडून सांगितलंत, "दिवाळीले आली का आपण पाहू, अजून काय काय शिल्लक हाय!"

ती दिवाळी मी विसरणार नाही. त्या वर्षी कापसाने सगळ्यांनाच रडवलं होतं, बाजारात गर्दी नव्हती, आपल्या गल्लीत फटाकेही नावालाच वाजले. आणि आपल्या स्वयंपाकघरात मात्र तुम्ही, आई आणि मी नाकं दाबून फरशीवर बसलेले. तुम्हाला काय कळतं ते आम्हालाही कळावं म्हणून मीच ते सुचवलं होतं. आई आधी तयारच नव्हती. "मले येडी बनवता काय?" मग तिने नाक दाबून गूळ तोंडात टाकला, आणि नाक सोडल्यावर ओरडली, "अवो, गूळ आला!" आणि लगेच गप्प झाली, कारण तुमच्याकडे तो येणार नव्हता हे तिच्या लक्षात आलं. तुम्हीच तिचा हात धरून म्हणालात, "पुन्हा कर. तुह्या तोंडाकडे पाहूनच मले मजा आली."

दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हालाच फसवलंत. साखरेचं साधं पाणी तीन पेल्यांत करून एकात लाल रंग, एकात पिवळा, एकात हिरवा घातलात आणि दिवाळीच्या फराळाला आलेल्या शेजारणींसमोर ठेवलेत. लाल पिऊन आई म्हणाली, "गुलाबाचं हाय." पिवळा पिऊन एकजण म्हणाली आंब्याचं, दुसरी म्हणाली नाही, संत्र्याचं, आणि दोघी त्यावरून वाद घालू लागल्या. हिरव्याला सगळ्या एकमताने वाळा म्हणाल्या. तुम्ही भिंतीला टेकून पोट धरून हसत होता. "साखर हाय! नुसती साखर! नाक माहं गेलं अन् फसल्या तुमी!" एका शेजारणीने तुम्हाला पदराचं टोक मारलं. तुम्ही पडल्यापासून घरात असं हसणं पहिल्यांदाच झालं होतं.

आणखी एक शोध तुम्ही एकट्याने लावलात. आपल्या घराला लागून पिठाची चक्की होती. ती चालू असताना खाल्लेला पापड लागत नाही आणि बंद झाली की तोच पापड लागतो, असं तुम्ही म्हणायचे. मला ती तुमची गंमत वाटली. मग चक्की बंद व्हायची वेळ बघून मीही पापड घेऊन बसले. पट्टा घरघरत थांबला, आणि पुढचा घास कडाड्कन मोडला, तो खरोखरच जास्त कुरकुरीत होता. त्याच ताटातला, त्याच वेळी भाजलेला. पुढे शिकताना मी वाचलं, की कानाला आवाज गेला नाही तर दातांची साक्ष मेंदू अर्धीच मानतो. त्या दिवशी तुम्ही एवढंच म्हणालात, "म्हणून कार्यालयात बँड वाजला का लोक पापड जास्त मांगते."

उन्हाळ्यात अकोल्याच्या रस्त्यावरच्या एका गावातून रिटायर झालेले गुरुजी आले. त्या वर्षांत एकेकट्याच्या घरी लग्न काढायची कुणाची हिंमत नव्हती, म्हणून गावाने मिळून नऊ जोडप्यांचं एकत्र लग्न ठरवलं होतं. आचारी तुम्हीच हवे होते. तुम्ही आधी कंबरेचं सांगितलंत. मग गुरुजींच्या तोंडाकडे बघून तुम्हाला खोटं बोलवेना. "गुरुजी, खरं सांगतो. मले वास येत नाही." गुरुजींना कळेना. "वास नाही येत तं काय झालं? रांधता येते का नाही?" तेवढ्यात आतून आई म्हणाली, "येते!" आणि पदराला हात पुसत बाहेर आली. "पोरगी सुट्टीत घरीच हाय. तिचं नाक घेऊन जा." गुरुजी गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "भिऊ नको, पण एक ध्यानात ठेव. त्या गावात साल-दोन सालात कोणी पोटभर पंगत पाहिली नाही. घरोघरचं एकच जेवण हाय थे. बिघडून चालत नाही."

सकाळी भट्ट्या पेटल्या. आलू-वांग्याची भाजी, वरण, भात, पुरी, बुंदी. मी भाजीच्या गंजाशेजारी, त्या मोठ्या पातेल्याशेजारी उभी राहून प्रत्येक टप्प्याला तुम्हाला सांगत होते: खोबरं भाजलं गेलं, कांद्याचा उग्रपणा गेला, हळद अजून कच्ची आहे. तुम्ही सराटा फिरवत मान डोलवत होता. पण ऊन चढलं, धूर वाढला, आणि वांगी पडल्यावर तुम्ही विचारलंत, "आता?" तर मला काहीच येईना. मी वाकले, पुन्हा वाकले. गंज समोर उकळतोय आणि माझ्या नाकाला ती नुसती गरम वाफ. "बाबा, मले पण येऊन नाही राहिलं." मांडवाकडे वाजंत्री सुरू झाली होती. मला वाटलं तुम्ही घाबराल. तुम्ही कमरेवर हात ठेवून हसलात. "चला! आता बाप-लेक दोघंही बिननाकाचे!"

मग म्हणालात, "नाक थकलं तुहं. जा, त्या निंबाखाली उभी राह्य. काही हुंगू नको. मी हाक मारली का पळत ये." मी कडुनिंबाच्या सावलीतून बघत होते. तुम्ही गंजावर कान नेलात. हाताखालच्या माणसाला सांगत होता, "आयक. पाणी हाय तवर आवाज जाडा येते. तेल सुटलं का बारीक होते." वांग्याची फोड दोन बोटांत दाबून पाहिलीत. कडेला जमणाऱ्या तांबड्या तर्रीकडे बघत राहिलात. थेंबभर रस्सा जिभेवर घेऊन मीठ टाकलंत, पुन्हा घेतलात, थोडा गूळ टाकलात. मग हाक मारलीत. मी पळत आले, आणि तो वास अंगावरच आला, सगळा एकदम. "लसूण कच्चा हाय, बाबा! बाकी समदं झालं." तुम्ही लगेच छोट्या कढईत वेगळा लसूण तांबूस केलात, ती फोडणी वरून ओतलीत, आणि झाकण टाकण्याआधी माझ्याकडे बघितलंत. मी हुंगलं. होकाराची मान हलवली. तुम्ही झाकण टाकलंत.

पंगत बसली तेव्हा आधी सगळे जपून जेवत होते, लोक परक्याच्या घरी जेवतात तसे. मग एका म्हाताऱ्या आजोबांनी द्रोण उचलून रस्सा भुरकला आणि मोठ्याने म्हणाले, "अरे, भाजी आण इकडं!" झालं. सगळीकडून हाका सुरू झाल्या. नवऱ्यामुलांपैकी एकजण मुंडावळ्या मागे सारून जेवत होता आणि त्याची नवरी त्याला बघून तोंडावर हात धरून हसत होती. एरवी तुम्ही सगळे जेवल्यावर भट्टीशीच उभ्याने दोन घास खायचे. त्या दिवशी गुरुजींनी तुम्हाला हाताला धरून शेवटच्या पंगतीत बसवलं आणि मी तुमच्या शेजारी बसले. तुम्ही पुरीचा तुकडा रश्श्यात बुडवून खाल्लात. मग दुसरा. "पोरी, आज लागली."

"काय?"

"भाजी. चव लागली."

"वास आला?" मी जवळजवळ ओरडलेच.

"नाही वं. वास नाही आला." तुम्ही हनुवटीने समोरच्या रांगेकडे खूण केलीत. बोटं चाटणारी पोरं, भुरके, पापडांचा चुरा, वाढप्याला बोलावणारे हात. "पण लागली." डोळे ओले होते आणि तुम्ही पुन्हा वाढून मागत होता. मी आता इतकी वर्षं हा धडा शिकवते. नाकाचं, जिभेचं, कानाचं चित्र फळ्यावर काढते, तिथून मेंदूकडे बाण काढते. पंगतीकडून एखादा बाण काढायला हवा असं दरवर्षी वाटतं. कसा काढायचा ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर तुम्ही पुन्हा सगळी कामं घ्यायला लागलात. सगळ्यांना उघड सांगायचे, मले वास येत नाही, आणि लोकांना त्याचंच कौतुक वाटायचं. आई तुमच्यासोबत नाक म्हणून यायला लागली आणि तुमच्यापेक्षा जास्त हुकूम सोडायला लागली. मग पावसाळा संपता संपता तो जीपचा किस्सा झाला. आपण दोघं अमरावतीहून काळीपिवळीत मागच्या सीटवर बसून घरी निघालो होतो, आणि दोन गावं गेल्यावर एक माणूस बोकड घेऊन आत शिरला. थोडं अंतर गेलं असेल. तुम्ही एकदम सरळ झालात. मान वळवलीत. बोकडाकडे वाकलात. "आला," म्हणालात. "काय आला?" "वास! बोकडाचा वास आला!" तुम्ही त्या बोकडाला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवलीत. बोकडवाला घाबरून म्हणाला, "भाऊ, इकायचा नाही हा." सगळी जीप नाकाला रुमाल लावून बसलेली आणि तुम्ही एकटे छाती भरभरून श्वास घेताय. घरी येऊन तुम्ही आईला सांगितलंत, आणि ती देवापुढे साखर ठेवायला उठली, मग थबकून म्हणाली, "पण पह्यला वास बोकडाचाच काहून?" तुम्ही म्हणालात, "जो आला थो पाहुणा. बसू दे."

पूर्ण नाक काही परत आलं नाही. सांबार आला, आपल्या वऱ्हाडात कोथिंबिरीला म्हणतात तो सांबार. हिंग आला, लसूण आला. गूळ शेवटपर्यंत आला नाही आणि कॉफीला जळक्या दोरीचा वास येतो म्हणायचे. पण त्या अर्ध्या, वाकड्या नाकाने तुम्ही पुढे कितीतरी मांडव जेवू घातलेत, आणि गेलात त्या वर्षीसुद्धा लग्नसराई पुरी करून गेलात. नऊ लग्नांच्या त्या गावातली माणसं तुमच्या तेरवीला आली होती. ते भुरकणारे आजोबाही आले होते. रडायचं सोडून ती मंडळी अंगणात बसून तुमच्या भाजीबद्दलच बोलत होती, आणि आईला ते ऐकून बरं वाटत होतं.

हा कागद मी कुठे पाठवणार नाही, आणि आईलाही दाखवणार नाही. ती आता माझ्याकडेच असते, तिला कमी दिसतं, पण कागद दिसला की वाचून दाखव म्हणते. एरवी सगळं दाखवलं असतं. पण शेवटी एक गोष्ट लिहायची आहे आणि ती तिला कळली तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलनीला कळेल. बाबा, मला वांगं आवडत नाही. लहानपणापासून नाही आवडलं. तुम्ही वाढायचे आणि मी तुमच्या तोंडाकडे बघून खायचे. आजही मी भाजीवाल्याकडून वांगी आणते ती फक्त आईसाठी. नऊ लग्नांच्या त्या एका पंगतीत मात्र तुमच्या शेजारी बसून मी दोनदा वाढून घेतलं होतं, आणि ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून नव्हतं.